काठावरच्या साती आसरा

भाऊबीजेला खोडदहून माहेरी आली की साळुबाई आधी घरी जात नसे, तळ्यावर जाई. तिच्या धाकट्या भावानं, हौशीरामनं, ओढा अडवून स्वतःचं मातीचं धरण बांधलं होतं. पुण्याच्या पावण्यांनी बोटीत बसावं, काठावर तंबूत राहावं, म्हणून. तिकिटाच्या टपरीशेजारी पत्र्याखाली सात दगड होते, साती आसरा. शेंदूर इतका जाड की खालचा दगड दिसू नये. पाण्याच्या त्या सात बहिणींची ओटी भरल्याशिवाय साळुबाई भावाला ओवाळत नसे.

धरणाला ओढ्याकाठची तिच्या वाट्याची जमीन लागत होती. तिनं ती एकाच अटीवर दिली. तिथल्या उंबराखाली आईनं जन्मभर पुजलेल्या आसरा पाणी भरायच्या आधी वर आणायच्या. हौशीरामनं आईची शपथ घेतली, साळुबाईनं डोळे झाकून सही केली. पाठच्या भावावर कोण शंका घेतं?

यंदा ऐन दिवाळीत भिंतीच्या पायथ्याला पाणी पाझरू लागलं. भिंत फुटायच्या भीतीनं हौशीरामनं तळं रिकामं केलं आणि टपरीपाशी तोंड पाडून बसला. साळुबाई आली तेव्हा बोटी चिखलात कलंडल्या होत्या. त्यांच्या पलीकडं, वाळलेल्या उंबरापाशी, सात दगड ओळीनं उभे होते. मधल्याचा कोपरा उडालेला. लहानपणी नारळ फोडताना तो तिच्याच हातून उडाला होता.

"हौश्या, ह्या कोण? आन् वरच्या कोण?"

हौशीराम चाचरला, मग हसला. "आक्का, जेसीबीवाला घाईत व्हता. ऱ्हायलं ते ऱ्हायलं. पाण्याच्या देवी पाण्यातच बऱ्या की! वरचे दगड बी काय वाईट न्हाईत. पावणं लई फोटू काढत्यात."

"आन् मी इतकी वर्सं कुणाची वटी भरली?"

"मनात भाव असला की झालं."

ह्यानं तिला भाव शिकवावा! केसानं गळा कापला होता त्यानं, आणि वर हसत होता. साळुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पदर खोचून, पिशवी घेऊन ती चिखलात उतरली. एकेक दगड हातानं पुसला, मधलीपुढं भावासाठी आणलेला नारळ ठेवला आणि करंडा उपडा करून सगळं कुंकू सातींना लावलं. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही.

वर येऊन ती सरळ रस्त्याकडं निघाली.

"आक्का, मला ओवाळायचं ऱ्हायलं की!"

तिनं रिकामा करंडा त्याच्या हातात ठेवला.

"तुझ्या भैनी त्या पत्र्याखाली बसल्यात. घे त्यांच्याकडनं ओवाळून."