एकतिसावी खूण

क्षयरोग दवाखान्याच्या तिसऱ्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कधीही बंद न करायची एक मोठी खिडकी होती. वारा आधी विचारणाऱ्याच्या अंगावरून, मग रुग्णाच्या अंगावरून आणि मग समोरच्या दारातून बाहेर जावा, अशा बेतानं खुर्च्या मांडलेल्या. ही मांडणी जिनं केली होती तिला घरात भिंग म्हणायचे. लहानपणी मुंग्यांच्या मागे एक फुटकं भिंग घेऊन ती तासन्‌तास बसायची, म्हणून थोरल्या भावानं हे नाव ठेवलं होतं. भाऊ आता नव्हता. नाव तेवढं उरलं होतं, आणि हाक मारणारं कोणी नव्हतं.

भिंग सकाळी थुंकीच्या काचा तपासायची आणि मग रुग्णाला समोर बसवून नऊ प्रश्न विचारायची. पूर्वी क्षयाची औषधं घेतली होती का? मध्येच सोडली का? औषधांना दाद न देणारा क्षय झालेल्या कुणाच्या सहवासात होता का? मधुमेह आहे का? असे नऊ. एकाला जरी ‘हो’ आलं तरी नमुना मशीनमध्ये जायचा, आणि नेहमीच्या गोळ्या या जंतूंवर चालतील की नाही ते मशीन दोन तासांत सांगायचं. नऊच्या नऊ ‘नाही’ आले, की सरळ नेहमीच्या गोळ्या. मशीनच्या नळ्या मोजक्या यायच्या, म्हणून हा नियम. म्हणजे चुकीच्या चौकोनात एक खूण पडली, की माणूस महिनोन्‌महिने निरुपयोगी गोळ्या गिळत बसणार आणि आत जंतू त्याचं फुप्फुस कुरतडत राहणार.

त्या दिवशी चौथ्या काचेवर जंतूंची नुसती जत्रा भरली होती. भिंगनं काचेसोबतची चिठ्ठी उलटून पाहिली. धंदा: फोरमन, वह्या-पुस्तकं बांधणीचा कारखाना. पत्ता वाचायची गरजच उरली नाही. तो कारखाना तिला पाठ होता.

फोरमन आत आला तो खोकत आणि बडबडत.

“मास्क नाकावर घ्या.”

“नाकावर घेतला की चष्म्यावर धुकं धरतं हो, बाई.”

“धरू द्या. इथे वाचायचं काही नाही, नुसतं बोलायचंय.”

तो हसला. त्यानं तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा? भावाच्या तिरडीला त्यानं खांदा दिला नव्हता, की दारात येऊन दोन शब्द बोलला नव्हता.

भाऊ त्याच्याच हाताखाली फर्मे, म्हणजे पुस्तकांचे छापील मोठे कागद, दुमडायचा. दुमडलेले कागद उडू नयेत म्हणून तिथे पंखे बंद आणि खिडक्या खिळे ठोकून बंद. तिथेच तो खोकायला लागला. साधा क्षय होता, सहा महिन्यांत बरा होणारा. तेव्हा दवाखान्याचा नियम असा होता, की गोळ्या कुणीतरी डोळ्यांसमोर गिळायला लावायच्या आणि कार्डावर त्या तारखेच्या चौकोनात खूण करायची. फोरमननं मोठ्या मनानं ते काम मागून घेतलं. गोळ्या त्याच्या खणात, कार्ड त्याच्या खणात. दोन महिने बरे गेले. मग शाळा उघडण्याआधीचा वह्यांचा हंगाम आला. गोळ्या घेतल्या की भावाला मळमळायचं, तासभर हात चालायचा नाही. फोरमन म्हणाला, “हंगाम संपू दे रे, मग घे. चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?” हंगाम चार दिवसांचा नव्हता. आठवड्यातून दोनदा गोळ्या मिळायच्या, कधी एकदाही नाही. अर्धवट मार खाल्लेले जंतू मेले नाहीत, ते मार पचवायला शिकले.

हे सगळं भावानं तिला शेवटच्या वॉर्डात सांगितलं, एकेक शब्द धापा टाकत. ती तेव्हा कॉलेजात जंतुशास्त्रच शिकत होती, आणि घरात काय चाललंय त्याचा तिला पत्ता नव्हता. त्याबद्दल तिनं स्वतःलाही माफ केलं नव्हतं. तक्रार घेऊन गेली तर दवाखान्याच्या तेव्हाच्या साहेबांनी कार्ड पुढे सरकवलं. “एक चौकोन रिकामा दिसतो का, ताई? इथे कागद बोलतो. तुमच्या भावानंच बाहेर जाऊन गोळ्या थुंकल्या असतील.” नोंदवहीत भावापुढे ‘उपचार पूर्ण’ असंच राहिलं.

पुढे तिनं मुद्दाम याच दवाखान्यात नोकरी धरली, आणि जुन्या फायलींतून ते कार्ड काढून स्वतःच्या खणात ठेवलं. सहा महिने ती वाट पाहत होती. कशाची, ते तिला माहीत नव्हतं. आज ते खोकत आत आलं होतं.

“पूर्वी क्षय झाला होता?”

“छे! आमची छाती म्हणजे लोखंड. आता जरा गंजलंय.”

“मधुमेह?”

“नाही. आमच्या घरात गोड काहीच नाही, बायकोची जीभसुद्धा.”

तिनं खूण केली. नाही. पुढे नाही. पुढे नाही.

“औषधांना दाद न देणारा क्षय झालेला कुणी? घरात, कामावर?”

फोरमन पहिल्यांदाच थांबला. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला.

“नाही. तसं कुणी नाही.”

भिंगचं पेन चौकोनावर थांबलं. खुनाला याहून स्वच्छ हत्यार कुठे मिळणार होतं? ना रक्त, ना साक्षीदार, आणि खोटं तिचंही नव्हतं. रुग्णानं सांगितलं ते लिहिलं, कुणीही विचारलं तरी हेच उत्तर. तिनं मनात हिशेब मांडला: दोन महिन्यांनी वजन उतरेल, तिसऱ्या महिन्यात रक्त पडेल. भावाचं असंच पडलं होतं. तिनं खूण केली. नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं.

“झालं. बाहेर गोळ्या मिळतील.”

सुटल्यासारखा फोरमन उठला, आणि सुटलेल्या माणसाची जीभही सुटते.

“गोळ्यांचं मला शिकवू नका हं, बाई. आमच्याकडे एक पोरगा होता, दुमडणीला. त्याला मी या हातानं रोज गोळ्या भरवल्या, पोटच्या पोरासारख्या! पण लबाड निघाला. गालात धरायचा आणि मोरीत थुंकायचा. मेला शेवटी. करावं तसं भरावं, दुसरं काय!”

तो दारापर्यंत पोचला होता. भिंगच्या डोक्यात एकच गोष्ट लख्ख उभी राहिली. हा मेला तर ही गोष्ट खरी ठरेल. लोक म्हणतील, बिचारा दुसऱ्याला गोळ्या भरवता भरवता गेला. भाऊ लबाड आणि हा पुण्यवान, आणि कागद तर याच्याच बाजूनं बोलतोय. शिवाय मरताना याला कळणारही नाही, की आपण कशानं मरतोय. असला सूड म्हणजे आंधळ्यापुढे डोळे वटारणं.

“फोरमनसाहेब, बसा. एक प्रश्न राहिला.”

तो बसला. तिनं खण उघडला आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

“ही खूण कुणाची?”

कार्ड ओळखायला त्याला चष्मा लागला नाही. “हे... हे तुमच्याकडे कसं?”

“मी विचारतेय.”

“माझी. रोज केलेली. एक दिवस चुकवलेला नाही.”

“खरंय. एकही दिवस चुकवला नाहीत.” तिनं पेनाचं टोक एका ओळीच्या शेवटच्या चौकोनावर टेकवलं. “कार्डावर प्रत्येक महिन्याला एकतीस चौकोन छापलेले असतात. हा महिना तीस दिवसांचा. एकतीस तारखेला तुम्ही त्याला गोळ्या कुठे भरवल्यात?”

फोरमननं कार्ड जवळ ओढलं. त्या ओळीतल्या सगळ्या खुणा एका मापाच्या, एका कलाच्या, एका शाईच्या होत्या. आणि पुढचा तीस दिवसांचा महिनाही तसाच, काठोकाठ भरलेला.

“एका बैठकीत अख्ख्या महिन्याचं करत होतात ना? हात चालला की थांबत नाही. बांधणीतल्या माणसाला सवयच असते, एकदा सुरू केलं की गठ्ठा संपेपर्यंत.”

“तुम्ही कोण?” त्यानं कार्ड दूर सरकवलं.

तिनं मास्क काढला नाही. “दुमडणीवाल्याची बहीण. भिंग.”

त्यानं हे नाव ऐकलेलं असावं. भाऊ कामाच्या वेळी फार बोलायचा.

“बाई, हे बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल हो.”

“जाईल. पण तुम्ही राहाल. माझ्या भावाला तर एवढंही मिळालं नाही.” तिनं भरलेला फॉर्म उभा फाडला आणि कोरा पुढे ओढला. “आत्ता या फाडलेल्या कागदावर मी ‘नाही’ची खूण केली होती. मी तुम्हाला तसंच जाऊ देणार होते. तुमच्या छातीत त्याचेच जंतू आहेत, तुमच्याच खणात शिकून तयार झालेले. आता तो सहवासाचा प्रश्न पुन्हा विचारते. मोठ्यानं सांगा, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

फोरमननं सांगितलं. आधी पुटपुटला. ती म्हणाली, “ऐकू आलं नाही.” मग मोठ्यानं सांगितलं. कोण होता, कधी होता, कुणी गोळ्या बंद केल्या, कुणी खुणा केल्या. तिनं शब्दन्‌शब्द उतरवून घेतला आणि खाली त्याची सही घेतली. त्या सहीच्या जोरावर आठवड्याभरात नोंदवहीतलं ‘उपचार पूर्ण’ खोडलं गेलं. त्या जागी नव्या साहेबांनी लिहिलं: उपचार खंडित, खुणा खोट्या. कागद बोलतोच. फक्त कुणीतरी त्याच्या तोंडात खरं घालावं लागतं.

मशीननं दोन तासांत सांगितलं ते तिला आधीच माहीत होतं. उपचार नऊ महिन्यांचे निघाले, आणि गोळ्या समोर बसवून देणारं कोण असावं, या रकान्यात भिंगनं स्वतःला लिहिलं.

रोज साडेआठला फोरमन यायचा. मूठभर गोळ्या, एक पेला पाणी.

“तोंड उघडा. जीभ वर. डावा गाल. उजवा गाल.”

“गिळल्या म्हटलं ना!”

“तुम्ही म्हणताय म्हणूनच बघतेय.”

त्याला मळमळायचं. पाय जळजळायचे. पंधराव्या दिवशी तो हात जोडून म्हणाला, “बाई, दोन दिवस सुट्टी द्या. घशाखाली उतरत नाहीत हो.”

“हंगाम संपू दे,” ती म्हणाली. “मग बघू.”

त्याचं वजन वाढू लागलं. खोकला कमी झाला. तिला त्याचा आनंद झाला नाही, आणि होत नाही याचं वाईटही वाटलं नाही. एकही चौकोन ती आधी भरत नव्हती, एकही सोडत नव्हती.

पहिला तीस दिवसांचा महिना आला. तीस तारखेला त्यानं गोळ्या गिळल्या, न सांगता तोंड उघडलं, जीभ वर केली. तिनं खूण केली. मग कार्ड त्याच्याकडे फिरवलं आणि पेन त्याच्या हातात दिलं.

“एकतिसाव्या चौकोनात आडवी रेघ मारा.”

“मी?”

“तुम्हीच. आणि मारताना म्हणा, हा दिवस नसतो.”

फोरमननं दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर चारजण बसले होते आणि चौघांचे कान आत होते. रेघ वाकडीतिकडी आली, चौकोनाबाहेर गेली.

“हा दिवस नसतो,” तो म्हणाला.

“ऐकू आलं नाही,” भिंग म्हणाली.