माझा पत्ता बदलत नाही

मी एक जुना फोल्डर आहे. प्रोग्रामर मंडळी मला ‘वर्कस्पेस’ म्हणतात. २०१२ साली ऑकलंडच्या एका छोट्या कंपनीत मृणालिनीताईंनी मला तयार केलं. ताई मूळच्या पुण्याच्या, कामात चोख. डायलिसिसच्या रुग्णांना नेणाऱ्या व्हॅनने रोज कोणाला कुठून घ्यायचं, हे ठरवणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला. त्याला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे, नेमक्या हव्या त्या आवृत्तीच्या आणून माझ्यात ठेवल्या. शेजारच्या प्रोजेक्टचं वारंही मला लागू दिलं नाही.

सुरुवातीला माझं केवढं कौतुक झालं! मग ताई वेलिंग्टनला गेल्या आणि सगळे मला घाबरू लागले. “चालतंय ना? मग हात लावू नका,” हा ऑफिसचा नियमच झाला. बाहेर लायब्ररी बदलत गेल्या. मी टेबलाखालच्या धुळकट संगणकात कोंडलेलाच. मित्रांनो, कोणी रागाने कोंडलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

२०१९ मध्ये तो संगणक कुरकुरू लागला. नव्याने आलेल्या सुयशने तो बंद करून मला नव्या संगणकात कॉपी केलं. मला वाटलं, सुटलो! पण माझ्या आत सगळीकडे जुन्या जागेचाच पत्ता लिहिलेला. मी तिथेच लायब्ररी शोधत राहिलो. तिकडे ऑकलंडच्याच न्यू लिन उपनगरात डायलिसिसच्या पेशंट विमलकाकू व्हॅनची वाट बघत दारात बसलेल्या आणि त्यांच्या सुनेचे फोनवर फोन.

सुयशने घाबरून वेलिंग्टनला फोन लावला. “ताई, फोल्डर जसाच्या तसा कॉपी केला, तरी रन होत नाहीये!”

“अरे, कॉपी नसतो करायचा तो! नव्या मशीनवर नव्याने बिल्ड कर, त्याच लायब्ररी पुन्हा आणून बसव.”

“तेही केलं. पण काही लायब्ररींच्या जुन्या व्हर्जन्स आता कुठे मिळतच नाहीत.”

“मग जुनं मशीन चालू कर आधी. पेशंट थांबलेत रे.”

जुना संगणक सुरू झाला, मी माझ्या जुन्या पत्त्यावर परतलो आणि व्हॅन निघाली. विमलकाकू डायलिसिसला दुपारी उशिरा पोचल्या, तेव्हा अंगात पाणी साठून त्यांना धाप लागली होती.

“स्वीट अ‍ॅज! झालं एकदाचं झकास. आता नको हात लावू,” सुयशची बॉस अस्मिता म्हणाली.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी माझ्यासारखे फोल्डर बनवाल. त्यांना नुसतं जपून ठेवू नका. लायब्ररी मिळताहेत तोवर मधूनमधून पुसून टाका आणि नव्याने बांधा. मला पुसायला कोणी धजत नाही, कारण मी पुन्हा उभा राहीन याची कोणालाच खात्री नाही.

या जुन्या संगणकाच्या पंख्याची घरघर वाढली आहे. उद्या काकूंचा डायलिसिसचा दिवस आहे.