बारा निळ्या नळ्या

स्टँडमध्ये बारा परीक्षानळ्या होत्या आणि बाराही नळ्यांतलं पाणी निळं होतं. प्रतिक्षानं अकरा महिन्यांपूर्वी ते भरलं तेव्हा जेवढं निळं होतं, जवळपास तेवढंच. कापसाच्या बुचाखाली पाण्याची पातळी तेवढी अर्धा सेंटिमीटर उतरली होती. नळीत खरं दूध असतं तर तपासणीचा हा रंग काही तासांत उडाला असता. दुधातले जंतू प्राणवायू वापरत जातात तसं निळं दूध पांढरं होत येतं. शेवटी वरच्या हवेलगत एक निळी कडी उरते. रंग किती लवकर उडाला, यावरून दुधाची प्रत ठरते. पण या नळ्यांत दूध कधी पडलंच नव्हतं.

"जरा गडद करा," मॅनेजर विजयसिंह सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "काचेबाहेरून दिसला पाहिजे."

तेव्हा तिला वाटलं, असेल काही कारण. महिन्याभरात कळलं की बाहेरून दिसणं हेच कारण. बारामती एमआयडीसीतल्या त्या डेअरीनं जाहिरातीत 'स्वतंत्र प्रयोगशाळा, विरजणावर संशोधन' असं छापलं होतं, मुलाखतीतही तेच सांगितलं होतं. प्रत्यक्षात दुधाचे नमुने तपासणीला पुण्याला जायचे. ही काचेची खोली पाहुण्यांसाठी होती. शाळेची सहल, बँकेचे साहेब, एखादा मोठा व्यापारी आला की पांढरा कोट घालून आत बसायचं आणि सूक्ष्मदर्शकात डोकं घालायचं. सूक्ष्मदर्शकाला वीजसुद्धा नव्हती. टेबल दिसायला बरं म्हणून खोलीच्या मधोमध मांडलं होतं आणि प्लग राहिला होता भिंतीत, वायर पोचणार नाही इतका लांब. एरवी ती गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. 'दही आंबट का?' 'पाकीट फुगलंय, खाऊ का?'

"तुला काय, बसून पगार," तिच्या खोलीवरची मैत्रीण वैष्णवी म्हणायची. ती बावडा गावची, पॅकिंगला दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायचे. "एक दिवस मला बसव की काचंत. डोकं घालायला काय, मी बी घालीन."

प्रतिक्षा हसायची. राजीनामा तिनं फोनवर सात वेळा लिहिला होता आणि सातही वेळा खोडला होता. घोडं अडत होतं ते डाळजला, घरी. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. वडिलांच्या काळात मेंढरं गेली आणि ऊस आला. एम.एस्सी.पर्यंत शिकलेली ती घरातली पहिलीच. पोरीला किती शिकवायचं म्हणून चुलते कुरकुरत होते, तेव्हा आजोबा, म्हस्कूआबा, एकटे तिच्या बाजूनं उभे राहिले. आता ते हायवेच्या टपरीवर बसून चहा पिणाऱ्याला न विचारता सांगायचे, "नात माझी. दुधाचं दही करणारं जीव हायती न्हवं, ती बघती रोज. डोळ्यानं." नोकरी सोडायची म्हणजे आबांना त्या टपरीवर खोटं पाडायचं. सोडायची नाही म्हणजे रोज आपण खोटं बसायचं. या दोहोंत अकरा महिने गेले.

मग डेअरीचा वर्धापनदिन आला. कामगारांच्या घरच्यांना कारखाना बघायला बोलावलं होतं. आबा एकटेच डाळजजवळच्या भिगवणहून एसटीनं आले. धुतलेलं धोतर, लाल पटका, आणि हातात फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा.

दुपारी विजयसिंह सर पंचवीस-तीस माणसांना काचेबाहेर उभं करून प्रयोगशाळेबद्दल सांगत होते. आत प्रतिक्षा कोट घालून बसली होती. आबांनी ऐकून घेतलं, 'प्रवेश बंद'चं दार ढकललं आणि सरळ आत आले.

"आबा, आत यायला परवानगी नाही," सर मागोमाग येत म्हणाले.

"आवो, आमच्याच पोरीची खोली न्हवं का?" आबांनी डबा टेबलावर ठेवला आणि फडकं सोडलं. आत दही होतं. "लोकाच्या दारात मोकळ्या हातानं कसं जायचं? पर तुमच्याकडं दुधाला काय तोटा हाय. म्हणलं, घरचं इरजण न्यावं. बाय, दाव बरं मला ह्यातलं."

बाहेर कोणीतरी हसलं. "दही घेऊन डेअरीत आलाय म्हातारा."

"समुद्राला पाणी पाजाया," दुसऱ्यानं भर घातली.

सर हळूच म्हणाले, "असंच काहीतरी दाखव. त्यांना काय कळतंय."

प्रतिक्षानं आबांकडं पाहिलं. गेल्या वर्षी ऑपरेशन झालेला उजवा डोळा त्यांनी आधीच मोठा करून ठेवला होता. तिच्यानं 'असंच काहीतरी' होईना.

तिनं काचपट्टी काढली. दह्याचा एक कण पाण्याच्या थेंबात पसरला, पट्टी सुकवली, दारातल्या हात धुवायच्या स्पिरिटचे दोन थेंब टाकून पुन्हा सुकू दिली. मग स्टँडमधली पहिली नळी उचलली आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिचं बूच काढलं. निळा रंग पट्टीवर ओतला. मिनिटभर थांबून धुतला.

"सर, उजेड लागेल." सर घड्याळ बघत राहिले. तेव्हा बाहेरच्या गर्दीतून वैष्णवी आत आली आणि मोबाइलची बॅटरी लावून टेबलापाशी गुडघ्यावर बसली. "शिरले एकदाची काचंत," ती पुटपुटली. "कुठं धरू?"

"खालून. हलवू नको."

पट्टीवर तेलाचा थेंब देऊन प्रतिक्षानं आधी स्वतः पाहिलं. क्षणभर नुसती निळसर धूसर ओल होती. मग चकतीचा एक बारीक वळसा, आणि सगळं एकदम जागेवर आलं. गोल मण्यांच्या माळा. मधेमधे सरळ काड्या, काही जोडीनं, काही एकट्या. एक माळ अकरा मण्यांची होती. तिनं कॉलेजातल्या सवयीनं मोजली. ही एवढी व्यवस्था डब्यात गुपचूप चालली होती, एसटीत, आबांच्या मांडीवर.

ती उठली. आबा बसले.

"अंधार हाय."

"डोळा जरा मागं घ्या. आणखी थोडा."

बाहेरची कुजबुज थांबली. बऱ्याच वेळानं आबांनी डोकं वर काढलं, खाली वाकून पायातल्या वहाणा काढल्या, बाजूला सारल्या आणि पुन्हा डोळा लावला.

"मेंढरं वाटंला लागल्यागत हायती गं," ते म्हणाले. "एकामागं एक. किती असतील?"

"एका थेंबात? बारामती-इंदापूर दोन्ही तालुक्यांतली माणसं मिळून भरणार नाहीत, इतकी."

"जित्ती हायती?"

"ही नाहीत. रंग द्यायच्या आधी मारावी लागतात. डब्यातली जिवंत आहेत."

आबांचा हात डब्याकडं गेला आणि झाकणावर हलकेच टेकला. "आई माझी, भागूबाई, हे इरजण घोड्यावर घालून कोकणात न्यायची. दिवाळी झाली की निघायचं, पावसाच्या तोंडाला माघारी. रोज नवा मुक्काम, पर रोज कालच्यातलं चमचाभर आजच्याला. एकदा नासलं, तवा माझ्या थोरल्या बहिणीच्या घरनं परत आणलं. तिला बी आईनंच दिल्यालं. मेंढरं गेली, दूध गाईचं आलं, इरजण त्येच." त्यांनी सूक्ष्मदर्शकाकडं बोट केलं. "मग ही त्याच वक्ताची?"

प्रतिक्षाला खोटं बोलायचं नव्हतं. "सगळी त्या वेळचीच, असं छातीठोक नाही सांगता येणार, आबा. वाटेत दुसरीही मिसळली असतील. पण एकाचे दोन, दोनाचे चार असंच ती वाढतात. मधे साखळी तुटली नसेल तर यात पणजीच्या मडक्यातल्यांचीच लेकरं आहेत."

आबांच्या ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी आलं होतं. ते त्यांनी पटक्याच्या शेवानं टिपलं. बाहेरचा, मघाशी हसलेला माणूस काचेला नाक लावून उभा होता.

"आणि ह्ये तू रोज बघतीस," आबा म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले, टपरीवर म्हणायचे तसं. पण आता आवाज खाली आला होता, देवळातल्यासारखा.

विजयसिंह सर पुढं झाले. "रोजच बघते. चला आबा, पुढं पॅकिंग बघू."

प्रतिक्षानं टेबलावरची मोकळी नळी उचलली. आत निळ्याचा एक थेंब तळाशी उरला होता. ती तिनं स्टँडमध्ये परत ठेवली नाही.

"नाही, आबा," ती म्हणाली. "हितं आज पहिल्यांदा बघितलं. अकरा महिन्यांत कुणी बघूच दिलं न्हाय." मग ती सरांकडं वळली.

"सर, मी ही नोकरी सोडतेय. नोटिशीचा महिना आजपासून धरा."