गेंड्याच्या टबाचा पाइप

“या टबाला निचराच नाही!” असं म्हणून आजोबांनी पुस्तक खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. पाइप कागदाच्या पाठीमागून गेला असेल, अशी त्यांना अजून आशा होती.

चार वर्षांची नात त्यांच्या मांडीवर होती. म्हणजे निम्मी होती, उरलेली निम्मी खाली घसरली होती. तिसरं पान चालू होतं आणि तिसऱ्या पानापुढे ती आजोबांपाशी आजवर टिकली नव्हती. घरात तिला भिंगरी म्हणत, ते काही उगीच नाही. पण हीच भिंगरी आजीपाशी बसली की पुस्तक संपेपर्यंत हूं की चूं करत नसे. आजोबांच्या हे फार मनाला लागलं होतं, आणि आजीला ते ठाऊक असल्यानं अधिकच लागलं होतं.

आजोबांनी चाळीस वर्षं पंप दुरुस्त केले होते. कसलाही हटवादी पंप त्यांच्यापुढे वठणीवर येई, पण चित्रांच्या पुस्तकापुढे त्यांची डाळ शिजेना. वाचनालयातून दर शनिवारी एक पुस्तक मिळे. ते आजोबा शिवण ओढून, पुठ्ठा ठोकून, चांगलं मजबूत बघून निवडायचे. त्यामुळे गेल्या तीन शनिवारी घरात एक पुस्तक धरणांवरचं, एक पुलांवरचं आणि एक खडकांवरचं आलं होतं. खडकांवरच्या पुस्तकात तर पहिल्याच पानावर भिंगरी उठून गेली होती.

आज मात्र निवड त्यांनी तिच्यावर सोडली होती, कारण हा शेवटचा शनिवार होता. मुलाची बदली झाली होती. सोमवारी मुलगा, सून आणि भिंगरी दूरच्या शहरात राहायला जाणार होते. आजोबांना वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं. एक पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आपल्या मांडीवर व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं.

भिंगरीनं बालविभाग पालथा घातला. चौदा पुस्तकं उघडली, तीन उलटी धरून पाहिली, एकाला जीभ लावली आणि गेंडा निवडला. दुसऱ्या मजल्यावर राहणारा, टबात आंघोळीला बसलेला, तुडुंब खूश गेंडा.

“निचरा म्हणजे काय?” घसरता घसरता भिंगरी थांबली.

“अगं, घाण पाणी बाहेर जायची वाट. इथे वाटच नाही! हा उठला की पाणी जाणार कुठे?”

“कुठे?”

“खालच्या मजल्यावर गळणार.”

“खाली कोण राहतं?”

आजोबांनी पान उलटलं. खाली एक म्हातारी कासवीण चष्मा लावून पलंगावर झोपली होती.

भिंगरी सरसर मांडीवर चढली. “आजोबा, ती भिजेल! नीट कर ना!”

‘नीट करा ना’ म्हणणाऱ्याला आजोबांनी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. कानावरची पेन्सिल आपोआप हातात आली. टबाखालून पाइप निघाला, फरशीतून खाली उतरला, पलंगाला वळसा घालून पुढच्या पानावर गेला.

“इथून नको, ससा झोपलाय!” भिंगरीनं हुकूम सोडला.

“बरं बाईसाहेब, भिंतीकडेनं नेतो.”

पाइप जिन्यावरून गेला, बाजारातून गेला, हत्तीच्या पायांमधून गेला आणि शेवटच्या पानावर एका आंब्याच्या मुळाशी मोकळा झाला. शेवटच्या पानावर! आजोबांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांना हात वर करून ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात दारात आजी उभी राहिली.

“अहो, पुस्तक वाचनालयाचं आहे!”

आजोबांचा चेहरा खर्रकन उतरला.

वाचनालय सहाला बंद होई. पावणेपाचला आजोबा आणि भिंगरी ग्रंथपालबाईंपुढे उभे होते. या बाईंनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं की मोठी माणसंसुद्धा जिभेखालची गोळी गिळून टाकत.

“हे कोणी केलं?”

“आम्ही,” भिंगरी छाती काढून म्हणाली. “टब गळत होता.”

बाई एकेक पान बघत गेल्या. नवव्या पानावर थांबल्या.

“इथे जिना वर चढतोय. पाणी वर कसं जाईल?”

“म्हणून तिथे पंप बसवलाय,” आजोबा खालमानेनं म्हणाले. “दारामागे बघा.”

बाईंनी चष्मा सारखा केला, पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. पंप होता. त्याला बारीकसं बटणही होतं.

“पंप छान आहे,” त्या म्हणाल्या आणि खणातून खोडरबर काढून पुढे केलं. “आता सगळं खोडा.”

बालविभागातल्या वीतभर खुर्चीवर आजोबा गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसले. ते खोडत होते, भिंगरी रबराचा चुरा फुंकत होती. आंब्यापाशीचा पाइप गेला, हत्तीखालचा गेला, जिन्यावरचा गेला. पंप खोडताना आजोबांचा हात जरा रेंगाळला. तासाभरात पुस्तक कोरं करकरीत झालं. आता काही भिंगरी बसायची नाही, असं म्हणून आजोबा उठू लागले.

“परत,” भिंगरी म्हणाली.

“काय परत?”

“पहिल्यापासून वाच.” तिनं त्यांना खाली बसवलं आणि त्या इवल्या खुर्चीत, उरल्यासुरल्या मांडीवर स्वतःही बसली.

आजोबा वाचू लागले. भिंगरीनं गेंड्याच्या टबाखाली बोट टेकवलं. काही नसलेल्या कागदावरून बोट खाली उतरलं, पलंगाला बरोब्बर वळसा घालून, सशाला न उठवता भिंतीकडेनं गेलं. नवव्या पानावर दारामागे येऊन थांबलं.

“आजोबा, पंप चालू कर.”

आजोबांनी चोरून ग्रंथपालबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, जरा जास्तच लक्ष देऊन. मग ‘शांतता राखा’ असं भिंतीवर लिहिलेल्या त्या खोलीत आजोबांनी तोंडानं पंप चालू केला, आणि पान उलटेपर्यंत बंद केला नाही.