द्राक्षाच्या जाळीतला वटवट्या

मित्रांनो, मी एक हिरवट वटवट्या आहे. नाव ऐकून हसलात ना? सारखी वटवट करतो म्हणून माणसांनी ते ठेवलं, आणि ते काही खोटं नाही. माझं वजन तुमच्या खोडरबराएवढं असेल. पाठ हिरवट, डोळ्यावर फिकट भुवई आणि चोच अगदी बारीक.

माझा जन्म हिमालयातला. तिथं ढग झाडांच्या फांद्यांत येऊन बसतात. आईनं ओल्या शेवाळाचं घरटं केलं होतं. पण थंडीत तिथं किडे मिळेनासे होतात, म्हणून मी दरवर्षी दक्षिणेची वाट धरतो, ती थेट येडशी गावापर्यंत. रामलिंगाच्या रानाच्या कडेला एक चिंच आहे. हिवाळाभर ती माझी! फांदीफांदीवर उड्या मारायच्या, मावा, अळ्या, कोळी टिपायचे आणि दुसरा वटवट्या फिरकला की तो पळेपर्यंत ओरडायचं, असे माझे दिवस मजेत जातात.

यंदा एका उडत्या किड्यामागं मी शेजारच्या द्राक्षबागेकडं झेपावलो आणि मधेच अडकलो. साळुंक्यांपासून घड वाचावेत म्हणून बागेच्या मालकानं, शिवराजनं, बारीक धाग्याची जाळी पसरली होती. ती ढिली होती. मी जितका धडपडलो, तितका धागा पंखाला आणि पायाला आवळत गेला. शेवटी दमून गप्प लटकून राहिलो.

ऊन चढल्यावर शिवराज आणि त्याची बायको दीपाली तिकडं आले. मी द्राक्षं चोरायला आलोय, असं शिवराजला वाटलं. शिवाय जाळी कापली तर भोकातून साळुंक्या शिरतील, ही त्याची काळजी. त्याचंही चूक नव्हतं. वर्षाची मेहनत त्या घडांत होती. दीपालीनं मला अलगद मुठीत धरलं.

"अवो, ह्याची चोच बगा, सुईवाणी हाय," ती म्हणाली. "ह्ये दराक्षं कशानं फोडंल? किडंच खात आसंल."

शिवराजनं वाकून पाहिलं. मग द्राक्षाचे घड विरळ करायची बारीक कात्री खिशातून काढली. "हलू देऊ नगं त्याला," एवढंच म्हणाला आणि एकेक धागा असा कापला, की माझं एक पीससुद्धा तुटलं नाही.

दीपालीनं मला बांधावरच्या बोरीवर ठेवलं. थोडा वेळ मी पिसं फुगवून बसलो. पण समोरच्या पानामागं अळी दिसली आणि मला राहवेना. शिवराज हसला. "लई खादाड हाय की," म्हणाला. मग दोघांनी भोक शिवलं आणि सगळी जाळी ताठ ओढून बांधली. परवा मी चुकून तिच्यावर आदळलो, तर चेंडूसारखा उसळून बाहेर!

मित्रांनो, उन्हाळा लागला की मी उत्तरेकडं निघेन. तुमच्या घरी बाग असेल, तर जाळी लावूच नका, असं मी म्हणणार नाही. घड तुमच्या कष्टाचे आहेत. फक्त जाळी ताणून बांधा आणि रोज एकदा बागेला फेरी मारा. अडकलेलं पाखरू फार वेळ ओरडत नाही. ते तुम्हालाच शोधावं लागतं.