भिंगरीचे हातमोजे

शिवणयंत्रावर बसलेल्या आईचं लक्ष आज कापडावर नव्हतं. घटकेघटकेला तिची नजर खिडकीपाशी अभ्यास करणाऱ्या लेकीकडे जाई. लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत. तिच्या डाव्या पापणीचे जवळजवळ सगळे केस गेले होते.

"हात खाली!"

"आई, मी नुसतं पान उलटलं गं!"

"मग केस काय आपोआप गळतात? खोटं बोलायला कुठं शिकलीस?"

पोरीला केस उपटायची खोड लागलीय, असं शेजारीण म्हणाली होती. झालं! आईने उरल्यासुरल्या कापडाचे हातमोजे शिवले, मनगटाला पक्क्या नाड्या लावल्या. शाळेतून आलं की भिंगरीचे हात त्यात. घरभर बडबडणारी पोर गप्प झाली. तरी केस गळतच राहिले, आता उजव्या पापणीचेही. आईच्या जिवाला घोर लागला.

शेवटी बाबांनी दोघींना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिथंही भिंगरीच्या हातात मोजे होतेच. बाईंनी भिंगातून पापण्या पाहिल्या, मग कानामागचे केस बाजूला सारले. तिथं नाण्याएवढी गुळगुळीत चकती होती. रोज वेणी घालणाऱ्या आईला ती दिसली नव्हती! तिचं सारं लक्ष हातांवर होतं.

"ही चाई आहे," बाई म्हणाल्या. "शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उठते. उपटलेल्या जागी तुटके खुंट राहतात, इथं ते नाहीत."

"म्हणजे ही उपटत नव्हती?"

"नाही. आणि उपटत असती तरी तोही आजारच हो! त्याला उपचार लागतात, नाड्या नव्हे. पापणीची सूज, थायरॉईड, काही औषधं, कारणं कितीतरी असतात. आधी तपासायचं, मग बोलायचं."

"परत येतील केस?"

"बऱ्याचदा येतात. खात्री नाही देत, पण उपचार करू."

भिंगरीने केसांचं काहीच विचारलं नाही. "आई, आता तरी खरं वाटतं ना तुला?"

आईला हुंदका आवरेना. नाडीची गाठ सुटेना, तेव्हा तिने पर्समधली छोटी कात्री काढून दोन्ही नाड्या कापून टाकल्या.

वाटेत भिंगरीने मोकळ्या हाताने डोळा चोळला. आईचा हात सवयीने उठला आणि लेकीच्या पाठीवर जाऊन थांबला.

मंडळी, मुलांच्या अंगावर काही दिसलं की आपण आधी दोष देतो आणि मग डॉक्टर शोधतो. केस येतील न येतील. पण लेकरू "मी नाही केलं" म्हणालं, तर निदान एकदा ते खरं मानून बघा!