मोठ्या चुक्याची भाजी

"काय खादं वं वहिनी?"

ताईबाईवहिनी मोरीशी बसून ओकत होती. "चुकानी भाजी," ती कशीबशी म्हणाली. "तुना भाऊनी लायेल मोठा चुका. बांधवर इतला पानं फेकी देयेल व्हतात. अन्न कोनी फेकस का?"

तो चुका नव्हताच.

झुलालभाऊ माझा थोरला भाऊ. चाळीसगावच्या एका रोपवाटिकेत तीस वर्षं माळी होता. निवृत्त झाला तेव्हा एका हॉटेलवाल्याने त्याला रुबार्बचं बी दिलं. थंड मुलखातलं झाड. लालसर देठ आंबट, त्यांचा मुरंबा करतात. इथे ते जगतंय डोंबल! पण भाऊ हट्टाला पेटला. पावसाळा सरताना रोपं केली, लिंबाच्या सावलीत लावली, आणि चैत्रात पारा चव्वेचाळीसवर गेला तरी दिवसातून चारदा भिजलेलं गोणपाट त्यांच्यावर धरत राहिला. पोटच्या पोरासारखं जपलं मेल्या झाडाला. त्या सकाळी देठ कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून तो चाळीसगावला त्या हॉटेलवाल्याकडे गेला होता.

पानं विषारी, हे त्याला माहीत होतं. शेळ्या चारणाऱ्या चुडामणला त्याने दोनदा बजावलं. मलाही सांगितलं. मला वाटलं, वहिनीला तर आधी सांगितलं असेल.

कुठलं! चाळीस वर्षांत शेतातली एक गोष्ट त्याने तिला सांगितली नव्हती. बायकोशी बोलायचं म्हणजे 'वाढ' आणि 'उचल', एवढंच.

साखरेच्या आजाराने वहिनीची मूत्रपिंडं आधीच थकलेली. धुळ्याच्या दवाखान्यात दोनदा रक्त शुद्ध केलं. तिसऱ्या दिवशी तिची शुद्ध हरपली.

"तिले का नही सांगं रे भाऊ?" मी ओरडलेच. "शेळीस्ना इतलीबी किंमत नव्हती का तिले?"

भाऊ स्टूल ओढून तिच्या उशाशी बसला आणि बोलायला लागला. बी कसं आलं, किती उगवलं, किती करपलं, गोणपाट कसं बांधलं. इतकं बोलताना मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. माझा राग गेला नाही, पण रडू आवरेना.

दुपारी नर्स आली. तिने नाडी पाहिली, डॉक्टरांना बोलावलं. ते गेल्यावर तिने वहिनीच्या तोंडावर चादर ओढली. "बाबा, उठा आता."

भाऊने ती चादर हळूच खाली केली.

"थांब बेटा," तो म्हणाला. "पानेसनं सांगानं बाकी शे."